अकरा नंबरचा निळा

काळा चष्मा काढायला हरकत नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी प्रयागबाईंना शुक्रवारी सांगितलं. गाडीचा रंग चुकला आहे हे तेव्हा घरात फक्त सुचिताला माहीत होतं. तो चुकणार, हेही तिला पाच महिन्यांपासून माहीत होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता ती मळ्याच्या कडेच्या शेडमध्ये गेली. एका भिंतीला फुलकोबीचे क्रेट रचलेले होते, दुसऱ्या भिंतीशी ताडपत्रीखाली बाबांची फियाट. तिने मागचं टोक उचललं, डिक्की उघडली आणि कडेचं रबर बोटाने बाजूला सारलं. खाचेत बोटभर रुंदीची एक पट्टी होती. एवढाच कारखान्याचा रंग गाडीवर उरला होता. पंचाहत्तर साली बाबांनी गाडी पांढरी करून घेतली तेव्हा रंगाऱ्याने रबर काढायचा कंटाळा केला होता, म्हणून तो वाचला. या वेळी भाऊसिंगने रबर काढलं, पण सुचिताच्या सांगण्यावरून पट्टीवर कागद चिकटवून ती झाकून ठेवली. फिकट, राखाडीकडे जाणारा निळा. तिच्या अंदाजाने पांढऱ्यात निळा, थोडा काळा आणि जेमतेम थेंबभर पिवळा.

त्या पट्टीच्या बाहेरची सगळी गाडी दुसऱ्याच निळ्या रंगाची होती. गडद, जांभळटपणाकडे झुकलेला, चकचकीत.

रंगाचा कागदोपत्री काहीच पुरावा नव्हता. बाबा जगदेवराव जाऊन अकरा वर्षं झाली होती. मागच्या पावसाळ्यात ती आणि भाऊसिंग दर रविवारी बसून पत्र्याच्या तुकड्यांवर रंग जुळवत होते. भाऊसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. वीस वर्षं नाशिकच्या गॅरेजात गाड्या रंगवून परत आलेला. तो थेंब टाकायचा, ती लिहून घ्यायची. रंग वाळला की सकाळी नऊच्या सुमाराला, सावलीत, पांढऱ्या कागदावर तुकडा ठेवून पट्टीशी लावून बघायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फुटतो, वेगळा दिसतो, हे भाऊसिंगला अनुभवाने माहीत होतं आणि तिला पुस्तकातून. असे अकरा तुकडे झाले. सातवा पट्टीला टेकवला तेव्हा दोन्हींमधली रेघच दिसेना.

"बसला, म्याडम," भाऊसिंग म्हणाला होता.

पण थोरला भाऊ उत्तमराव शिरपूरहून आला आणि म्हणाला, आईला दाखवल्याशिवाय रंग मारायचा नाही. त्या गाडीत पहिल्यांदा बसली ती आई. मग अकरा तुकडे ओट्यावर मांडले. प्रयागबाईंनी एकेक डोळ्याजवळ नेऊन पाहिला. सातवा त्यांनी लगेच खाली ठेवला. "हा मयकट हाये. हिरवट." अकरावा हातात धरून बसल्या. "हाच व्हता. मी काय इसरतो?"

सुचिता बावीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवत होती. मोतीबिंदू पिकला की डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होतं आणि निळा प्रकाश अडवतं. आठवणीतला निळा दिसायला आईला समोर त्याच्या कितीतरी पट निळा लागणार, आणि जानेवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तोच रंग तिला परका वाटणार. एका वाक्यात सांगता आलं असतं. भाऊसिंगने रंग आणायला जाण्याआधी दोनदा विचारलंही, "म्याडम, सात का अकरा?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "आई म्हणते तो."

कारण आईने आणखी एक गोष्ट म्हटली होती. गाडी जशी होती तशी एकदा पाहीन आणि मग धाकट्या हर्षलकडे पुण्याला जाईन. कायमची.

चुकलेला रंग उतरवायला दहा दिवस. अस्तर, घासणी, वाळवणी धरून एप्रिलचा शेवट. मग बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत आईला प्रवास नको. मग पावसाळा. मग डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. सुचिताने हे सगळं मनात मांडलं होतं, आणि उत्तर दिवाळी आलं होतं.

तिने रबर परत बसवलं आणि ताडपत्री सारखी केली.

*

हर्षलला पुण्याहून यायला अकरा तास लागले होते. पाठ अजून धरलेली होती, तरी तो सकाळपासून खुशीत होता. आईची खोली त्याने स्वतः लावून घेतली होती. खिडकीशी दिवाण, न्हाणीत धरायला दांडा. उद्या सकाळी निघायचं होतं. त्याआधी ही गाडी दाखवायची, एवढंच राहिलं होतं.

उत्तमराव आणि भाऊसिंगने गाडी ढकलत अंगणात आणली. प्रयागबाई ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. हर्षलची बायको प्रियदर्शनी मोबाइल धरून तयार होती.

"आई, डोये मिट," उत्तमराव म्हणाला. "मी म्हनतो तवा उघड."

"सहा वर्सं मिटल्यासारखेच व्हते रे. आता तरी उघडे राहू दे."

उत्तमरावने ताडपत्री ओढली. दहाचं ऊन गाडीवर पडलं. प्रयागबाईंनी चष्मा काढला, उजव्या डोळ्याला आलेलं पाणी पदराने टिपलं आणि पाहिलं.

"हे कोनाची गाडी हाये?"

हर्षल हसला. "आपली, आई."

"आपली? बाप्पा! हे तं ब्यांडवाल्याईची दिसते."

प्रियदर्शनीने मोबाइल खाली केला.

"आई, तूच निवडला ना हा रंग," हर्षल म्हणाला.

"मी? असा? मी काहून निवडीन असा? हे पाय, नवरदेवाच्या फेट्यासारखा चमकून राह्यला. माही गाडी अशी नव्हती. माही गाडी गरीब व्हती."

उत्तमराव भाऊसिंगकडे वळला. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, तसा तो लहानपणापासून व्हायचा. "काय रे भाऊसिंग? कोनता डबा मारला तू?"

"सांगतला तोच नंबर मारला, भाऊ."

"मंग आईले वळखू काहून नाही येत?"

"ते मी काय सांगू?"

"तू सांगू नोको तं कोन सांगन? दुसऱ्या गाडीचा उरलेला रंग मिसळला असन. मले काय समजत नाही?"

"भाऊ, माह्या हातानं असं झालं नाही कधी," भाऊसिंग म्हणाला. तो उत्तमरावशी बोलत होता, पण एकदा त्याची नजर सुचिताकडे गेली आणि लगेच जमिनीकडे आली.

"कारंज्याचे वकीलसाहेब त्याईची जुनी जीप तुले रंगवायले देनार व्हते. मीच सांगतलं व्हतं त्याईले. आता मीच सांगतो, देऊ नोका म्हनून."

"दादा, त्याला कशाला धरतोस?" हर्षल म्हणाला. "तुला तरी कुठे माहीत होतं? तू तर गाडी हिरवी होती म्हणत होतास."

"मी सात वर्साचा व्हतो. अन् तू? तू तं जन्मला बी नव्हता. पुन्यात बसून फोनवर फोटो पाह्यला अन् म्हने, अकरा मस्त हाये. आईच्या डोक्यात तूच भरवलं ते."

"मी नुसतं मस्त म्हटलं!"

"तुयं मस्त म्हननं तिले हुकूम असते. आमी रोजचे. आमचं कोन आयकते?"

रोजचे, हा शब्द दादा नेहमी राखून ठेवायचा. हर्षल म्हणाला, "बरं. रंग चुकला. बदलू सावकाश. आम्ही उद्या आईला घेऊन निघतो."

"कसा निघतं? आईचा शब्द हाये. गाडी जशी व्हती तशी पाहीन, मंग जाईन. पाह्यली का तिनं? नाही. मंग?"

हर्षलने भावाकडे पाहिलं. एक विचार त्याच्या मनात आला आणि अडवण्याआधी तोंडातून बाहेर पडला. "दादा, हे तू केलंस का?"

"काय?"

"आई जाऊ नये म्हणून."

उत्तमरावच्या हातात ताडपत्रीचं टोक होतं. ते त्याने खाली टाकलं. "हर्षल, मले आई पाह्यजे असती तं मी तिले शिरपूरले नेली असती. रंगाचे डबे पालटत बसलो नसतो. तुया शहरात करत असतीन लोक असं."

"झालं का तुमचं?" प्रयागबाई म्हणाल्या. "उन्हात भांडू नोका. लोक जाऊन राह्यले रस्त्यानं."

हर्षलच्या तेव्हा लक्षात आलं की ताई एक शब्द बोललेली नाही. कोणी तारीख चुकीची सांगितली, कोणी लिटरचा हिशेब चुकवला, तर पोळी लाटता लाटता दुरुस्त करणारी ताई गाडीच्या मागे उभी होती आणि डिक्कीचं कुलूप बंद आहे का ते पुन्हा पुन्हा तपासत होती.

*

प्रियदर्शनी या घरात आली त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि नणंदेशी तिचं भांडण कधी झालं नव्हतं. गप्पाही कधी झाल्या नव्हत्या. सुचिताताई दिवाळीला आलेल्या माणसांची व्यवस्था करायच्या. कोणाला किती उशा, कोणाला बिनसाखरेचा चहा. मग आपल्या खोलीत जाऊन पेपर तपासायच्या. प्रियदर्शनीने त्यांना मनाने एका बाजूला ठेवून दिलं होतं. काही लागत नाही अशा माणसांच्या बाजूला.

अंगणातलं भांडण थांबल्यावर ती शेडमध्ये गेली. मोबाइलची वायर तिथे राहिली होती. वायर मिळाली, आणि खिळ्यावर तारेत ओवलेले पत्र्याचे अकरा तुकडेही दिसले. प्रत्येकाच्या मागे बारीक, सरळ अक्षरात काही लिहिलेलं. ती सहज वाचत गेली. "पिवळा जास्त." "ओला असताना जुळतो, वाळल्यावर नाही." सातव्याच्या मागे लिहिलं होतं: "जुळला. १४ सप्टेंबर, सकाळी ९.२०, सावलीत."

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा सुचिता चहासाठी आलं किसत होती.

"ताई, आईंनी रंग कधी निवडला हो?"

"एकवीस सप्टेंबर. रविवार होता."

"म्हणजे त्याआधी आठवडाभर तुम्हाला खरा रंग माहीत होता."

किसणी थांबली. सुचिताने मागे वळून पाहिलं नाही. "हो."

प्रियदर्शनीला वाटलं होतं, ताई काहीतरी कारण सांगतील. आईचं मन मोडायचं नव्हतं, असं काही. ते तिने मानलंही असतं.

"मग बोलला का नाहीत?"

"ऑपरेशन झाल्यावर तिला तो वेगळा दिसणार होता. मला ते माहीत होतं."

चहाचं पाणी उकळायला लागलं. प्रियदर्शनीने पुढे होऊन गॅस बारीक केला. मग तिला समजलं. एकदम नाही, आधी एप्रिल, मग ऊन, मग पावसाळा, असं एकेक.

"तुम्ही आम्हाला म्हणाला असतात तर?"

"काय म्हणायचं होतं?"

"आईंना राहू द्या म्हणून."

"तिला विचारलं होतं तुम्ही. ती हो म्हणाली. मधे मी काय म्हणायचं?" सुचिताने किसलेलं आलं पाण्यात टाकलं. किसणी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "मला वाटलं होतं, आईला चूक दिसेल, ती हसेल, आणि पुन्हा रंगवा म्हणेल. दादा भाऊसिंगला धरेल हे मी धरलंच नव्हतं."

"मी ह्यांना सांगणार नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "पण तो माणूस तिकडे सामान बांधतोय, ताई."

सुचिताने खिडकीतून पाहिलं. भाऊसिंग रंगाची गन रॉकेलने धूत होता. नळी गुंडाळून ठेवलेली होती.

"दूध तेवढं घाल," ती म्हणाली, आणि शेडकडे निघाली.

*

प्रयागबाई ओट्यावर एकट्या होत्या. पोरं इकडेतिकडे पांगली होती. त्यांनी डाव्या हाताने डावा डोळा झाकला आणि गाडी पाहिली. भडक, परकी. मग उजव्या हाताने उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्यापुढे तेच जुनं धुकं आलं, आणि धुक्यात त्यांची गाडी उभी होती. अगदी तीच. अडुसष्ट सालची, जिच्यात सहा महिन्यांच्या उत्तमला मांडीवर घेऊन त्या वाशीमहून आल्या होत्या आणि दाराच्या रंगाला हात लावू नको असं नवऱ्याने बजावलं म्हणून रस्ताभर अंग आवळून बसल्या होत्या.

पुन्हा हात बदलला. गाडी गेली.

त्यांना भीती वाटली. डोळ्याची नाही. रंग आठवतो असं त्या छातीठोक म्हणाल्या होत्या; तो रंग जर चुकीचा, तर बाकीचं काय काय चुकीचं असेल? नवऱ्याने त्या दिवशी वाटेत गाडी थांबवून उसाचा रस पाजला होता, तो तरी पाजला होता का?

सुचिता समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात पत्र्याचा एक तुकडा होता.

"सुचे, माह्या डोक्यात बिघाड झाला का व? ह्या डोयानं पाह्यली तं तेच गाडी. ह्या डोयानं पाह्यली तं दुसरीच."

"डोक्यात काही नाही, आई. तुला आठवतं ते बरोबर आहे." मग तिने मान वळवून हाक मारली, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावी तशी. "दादा! हर्षल! इकडे या. भाऊसिंग, तुम्ही पण या."

ते आले. प्रियदर्शनी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली.

"आईचा डावा डोळा अजून पिकलेला आहे," सुचिता म्हणाली. "सप्टेंबरात दोन्ही तसेच होते. अशा डोळ्याला निळा कमी दिसतो. म्हणून आईने जास्त निळा निवडला. तिची चूक नाही. भाऊसिंगची तर नाहीच. त्यांनी मला सात नंबर बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं. दोनदा विचारलं होतं. मीच अकरा मारायला सांगितला."

"जाऊ द्या ना म्याडम," भाऊसिंग पुटपुटला.

"तुले हे तवाच माईत व्हतं?" उत्तमरावने विचारलं.

"हो."

"आता ऑपरेशनवर समजलं असं नाही?"

"नाही, दादा. तेव्हाच."

"पण का, ताई?" हर्षल म्हणाला.

पत्र्याचा तुकडा सुचिताने या हातातून त्या हातात घेतला. प्रयागबाई तिच्याकडे पाहत होत्या. नव्या डोळ्याने मुलगी त्यांना महिनाभर काळ्या काचेतूनच दिसली होती. आत्ता कानाजवळचे सगळे केस पांढरे दिसले. गळ्यावरच्या दोन रेघा दिसल्या. ही इतकी म्हातारी कधी झाली?

"मी थांबाव म्हनून," त्याच म्हणाल्या.

रस्त्यावरून मंगरूळची एसटी गेली.

"वर्गात पोरं चुकतात, तवा तू पाहत बसतं का व?"

"नाही."

"मंग मले काहून चुकू देल्लं? मले दिसत नव्हतं म्हनून मी चुकत व्हतो. तुले दिसत व्हतं."

"हो, आई."

"आता बसलो व्हतो इथं, एक डोया झाकू का दुसरा झाकू करत. मले वाटलं, माहं सारं आयुष्यच खोटं आठवते मले." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हे तू धरलंच नसन ना तुया गनितात?"

सुचिताने नाही म्हणून मान हलवली.

प्रयागबाईंनी हात पुढे केला. "आन इकडे तो तुकडा."

डावा डोळा झाकून त्यांनी तो उन्हात धरला, मग जरा सावलीत. वेळ लागला. अंगठ्याने त्यांनी पत्र्याची कड चाचपली. "हा," त्या म्हणाल्या. "दाराले हात लावू नोको म्हनत व्हते, तो हा." मग तुकडा परत दिला. "पाह्यलं मी. उद्या सकायी निघू, हर्षल."

"आई, गाडी तं अजून तशीच..." उत्तमराव म्हणाला.

"तुकड्यावर पाह्यलं ते पुरे. बाकीची गाडी मले पाठ हाये."

उत्तमरावने ट्रेमधला एक कप उचलला आणि भाऊसिंगसमोर धरला. "बैस. चहा घे. सोमवारी हे उतरवायले लाग." भाऊसिंगने कप घेतला नाही तेव्हा तो म्हणाला, "वकीलसाहेबाले फोन केला नाही मी. घे, थंडा होऊन राह्यला." मग भाऊसिंगने घेतला. हर्षल भावाच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि दोघे गाडीच्या बॉनेटकडे पाहत राहिले. सुचिताशी त्या दिवशी दोघेही बोलले नाहीत.

*

रविवारी सकाळी प्रयागबाईंचं सामान दोन बॅगांत आणि एका कापडी पिशवीत मावलं. हर्षल गाडीत बॅगा ठेवत होता. उत्तमराव पहाटेच शिरपूरहून आला होता आणि टायरमधली हवा पाहत होता, दुसऱ्याच्या गाडीची तो नेहमी पाहायचा तशी.

सुचिताने डोळ्याच्या थेंबांच्या दोन बाटल्यांवर कागद चिकटवले होते. ती पलंगावर आईशेजारी बसली आणि एकेक बाटली दाखवू लागली. ही दिवसातून चार वेळा, ही दोन वेळा, दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटं.

"ते प्रियदर्शनीले सांगतलं तू. दोनदा."

"हो."

"मले काही वेगयं सांगाचं असन तं सांग."

सुचिताने बाटल्या पिशवीत उभ्या ठेवल्या. त्या आडव्या पडल्या. तिने पुन्हा उभ्या केल्या. प्रयागबाई वाट पाहत होत्या. बाहेर हर्षलने डिक्की लावल्याचा आवाज आला.

"जाऊ नको, आई," सुचिता म्हणाली. शब्द तिच्या अंदाजापेक्षा मोठ्याने निघाले. "मला एकटीला घर मोठं पडेल."

प्रयागबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. हातावर निळ्या रंगाचा एक बारीक डाग होता. त्यांनी तो नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

"मले पडलंच व्हतं ना व," त्या म्हणाल्या. "तुये बाबा गेले तवापासून. तू दहाले कॉलेजात जातं अन् पाचले येतं. दहा ते पाच मी ह्याच घरात असतो. फुलकोबीचा मया बटईनं देल्ला, मानसं परभारे येतात अन् परभारे जातात. अकरा वर्सं झाली. डोया गेल्यावर तं टीवी बी गेला."

सुचिताने मान वर केली.

"तू कधी इचारलं नाही. मी बी कधी सांगतलं नाही. तिथं प्रियदर्शनी घरातूनच काम करते. दार बंद असते तिचं, पन आत मानूस असते. खाली बाया बसतात बाकावर. नवा डोया आला हाये, त्यानं काही तोंडं पाहू दे मले." त्यांनी हात सोडला. "तुया राग नाही. काल व्हता. आता नाही. चाल, उठव मले."

सुचिताने त्यांना उठवलं. दारापर्यंत, मग पायऱ्या, मग गाडी. प्रियदर्शनी मागे बसली आणि आईंना पुढची जागा दिली. गाडीत बसल्यावर प्रियदर्शनीने काच खाली करून सुचिताचा हात दाबला. हर्षल म्हणाला, "ताई, मे महिन्यात ये," आणि ती म्हणाली, "हो, पेपर तपासून झाले की." उत्तमरावने गाडी रस्त्याला लागेपर्यंत मागून येणारी वाहनं हाताने थांबवून धरली. मग त्याने मोटरसायकलला किक मारली. शिरपूरचं दुकान उघडायचं होतं.

ती घरात आली तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. एरवी रविवारी या वेळेला आई डाळ निवडायला बसायची आणि सुचिता तपासायचे पेपर घेऊन समोर बसायची. तिने पेपर काढले नाहीत. दार पुढे लोटलं, आणि आईच्या पलंगाच्या कडेला, आई बसायची तिथे, बसली.

फ्रीजची मोटर सुरू झाली आणि काही वेळाने थांबली. कौलावरून एक मांजर चालत गेलं. बारा वाजता तिने भात खाल्ला, ताट धुतलं आणि परत येऊन बसली. दोनच्या सुमाराला खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायाशी आलं, तीनला गुडघ्यावर, मग भिंतीवर चढलं. मळ्यात बायांचं बोलणं ऐकू आलं. ती उठून दारात गेली तोवर त्या दुसऱ्या बांधाने निघून गेल्या होत्या.

पाच वाजले. कोणी आलं नाही. ती तशीच बसून राहिली, आणि मग, आपण पाचला कॉलेजातून आलो की दार उघडायला आई इतक्या पटकन कशी यायची, हे तिला समजलं.